आफ्रिकेतला कॉलरा आणि देशांच्या सीमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुसाका (झांबिया), दार-एस-सलाम (टांझानिया), लुआंडा (अंगोला) ही नावं कॉलऱ्याच्या बातमीत आली की ज्यांचं कुणी तिकडे नोकरीला आहे त्यांचे प्रश्न येऊ लागतात. काहींना आपल्या माणसाची काळजी असते, तर काहींना 'ते इकडे येईल का' याची. काही प्रश्न निव्वळ कुतूहलाचे असतात, आणि बहुधा तेच सगळ्यांत चांगले असतात. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉलरा म्हणजे आपली पटकीच ना? ती तर आजी-पणजीच्या काळात गेली. मग आफ्रिकेत अजून कशी?

हो, तीच. पटकीच्याही आधीचा आपला शब्द मोडशी. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी तो उचलून वाकवला आणि पुढे फ्रेंचांनी त्याचं 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचं मरण', करून टाकलं. रोगाला शोभणारं, पण मूळ शब्दाशी काहीही संबंध नसलेलं. गावाच्या वेशीवरची मरीआईची देवळं या आजाराच्याच धास्तीतून उभी राहिली.

मात्र ती 'गेली' हे अर्धंच खरं आहे. भारतात पावसाळ्यात आजही कॉलऱ्याचे रुग्ण सापडतात. आपल्याकडे बातमी 'गॅस्ट्रोची साथ' या नावाने येते, एवढंच. गेली ती दहशत. नळाचं पाणी, ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, कोपऱ्यावरच्या दुकानातलं ओआरएसचं पाकीट आणि तासाभरात सलाईन लावणारा दवाखाना, या साध्या गोष्टींनी ती घालवली. ज्या वस्तीत या चारही गोष्टी नाहीत तिथे पणजीच्या काळातली पटकी जशीच्या तशी शिल्लक आहे.

२. हा जंतू मूळचा आफ्रिकेतलाच का?

नाही. त्याचं जुनं घर गंगेच्या मुखाजवळचा, म्हणजे आपल्याच बाजूचा खाडीप्रदेश. सध्या चालू असलेली जागतिक साथ सातवी. ती १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर सुरू झाली आणि १९७० मध्ये पश्चिम आफ्रिकेत गिनीला पोहोचली. जंतूंची जनुकं तपासणाऱ्यांना असं दिसलं आहे की १९७० नंतर हा जंतू आशियातून आफ्रिकेत निदान अकरा वेळा नव्याने गेला. २०२२ मध्ये मलावीत पसरलेला जंतूही दक्षिण आशियातल्या जंतूंचाच जवळचा नातेवाईक निघाला.

'आफ्रिकेतून आपल्याकडे येईल का' हा प्रश्न विचारताना हा इतिहास आठवलेला बरा. आजवरची वाहतूक बहुतेक उलट दिशेची आहे.

३. लागण नेमकी कशाने होते? रुग्णाला शिवल्याने, हवेतून?

हवेतून नाही. नुसत्या स्पर्शानेही नाही. रुग्णाच्या विष्ठेतला जंतू दुसऱ्याच्या तोंडात गेला पाहिजे, आणि तो जातो पाण्यातून, अन्नातून किंवा न धुतलेल्या हातातून. लागण झाल्यापासून काही तासांत किंवा फार तर पाच दिवसांत आजार दिसतो. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधे जुलाब होऊन थांबतात. पण त्यांच्याही विष्ठेतून एक ते दहा दिवस जंतू बाहेर पडत राहतो. सीमेवरची तपासणी का फसते ते या एका वाक्यात आहे (प्रश्न ७ पाहा).

जंतू माणसाबाहेरही टिकतो. खाडीच्या मचूळ पाण्यात तो सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतो. बांगलादेशात जुनी सुती साडी चार-आठ पदरी करून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, त्याचं कारण हेच: जंतू कापडातून निसटेल, पण तो ज्यावर बसलाय तो जीव अडकतो. उकळण्याला किंवा क्लोरीनला हा पर्याय नव्हे. काहीच हाताशी नसेल तेव्हाचा उपाय आहे.

४. जुलाबाने माणूस इतक्या झटपट कसा मरतो? आणि वाचवायला काय लागतं?

जंतूचं विष आतड्याच्या पेशींना पाणी आणि क्षार बाहेर सोडायला लावतं. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. जोराचा आजार असेल तर तासाला लिटरभर पाणी शरीरातून जाऊ शकतं. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते, नाडी लागत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जाऊ शकतो. उपचार नाही मिळाले तर जोराचा आजार झालेल्यांतले निम्मे दगावू शकतात.

उपचार मात्र स्वस्त आहे. गेलेलं पाणी त्याच वेगाने परत भरायचं: पिता येत असेल तर ओआरएस, शुद्ध हरपत असेल तर शिरेतून सलाईन. प्रतिजैविकं मदतीला असतात, मुख्य औषध पाणीच. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं.

वेळेवर उपचार मिळाले तर शंभरात एकही मरू नये, हा आज जगभरचा निकष आहे. मलावीत २०२२–२३ मध्ये सुमारे ५९ हजार रुग्णांत १,७६० हून अधिक दगावले, म्हणजे शंभरात तीन. झांबियातही तेवढंच. औषध ठाऊक नव्हतं असं दोन्हीकडे नव्हतं. बरेच जण घरीच गेले, किंवा दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. साथीची बातमी वाचताना मी रुग्णांच्या आकड्याआधी हे प्रमाण पाहतो. रुग्णसंख्या पाण्याची अवस्था सांगते, तर मृत्यूचं प्रमाण दवाखाना किती दूर आहे ते सांगतं.

५. गेल्या काही वर्षांत नेमकं कुठे कुठे काय झालं? बातम्यांतून ताळमेळ लागत नाही.

ताळमेळ लागत नाही, कारण ही एक साथ नाही. दक्षिणेकडचा पट्टा २०२२ पासून पेटला: आधी मलावी, मग मोझांबिक, झांबिया, झिंबाब्वे. झांबियात ऑक्टोबर २०२३ पासून काही महिन्यांत २३ हजारांवर रुग्ण आणि ७४० च्या आसपास मृत्यू झाले. लुसाकाचं हीरोज स्टेडियम उपचार केंद्र झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये शाळा उघडणं पुढे ढकललं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये अंगोलाने लुआंडालगतच्या काकुआकोमधली साथ जाहीर केली.

ईशान्येला सुदान आणि त्याचे शेजारी. त्यावर प्रश्न १० मध्ये. आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्वेला, किवू-टांगानिका सरोवरांकाठी, कॉलरा कधी पूर्ण विझतच नाही. तिथे तो वस्तीलाच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेकडे २०२४ या वर्षात जगभरातून ५,६०,८२३ रुग्ण आणि ६,०२८ मृत्यू नोंदले गेले. रुग्ण आदल्या वर्षापेक्षा थोडेसेच वाढले, मृत्यू मात्र दीडपट झाले. आणि हे फक्त नोंदलेले.

६. 'सीमा ओलांडून पसरला' म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात कोण ओलांडतं?

'सीमा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तारेचं कुंपण आणि शिपाई येतो. आफ्रिकेतल्या बहुतेक सीमा तशा नाहीत. त्या सरोवराच्या मधोमध जातात, नदीच्या धारेतून जातात, एकच भाषा बोलणाऱ्या दोन गावांमधून जातात.

चिल्वा सरोवर घ्या. मलावी आणि मोझांबिक यांच्यामध्ये पसरलेलं, उथळ, गवताळ. मासेमारीच्या हंगामात कोळी आठवडेच्या आठवडे पाण्यावरच राहतात, गवताच्या तरंगत्या झोपड्यांमध्ये. संडास म्हणजे सरोवर, पिण्याचं पाणी म्हणजेही सरोवर. त्यांच्यातल्या कुणाला जुलाब लागले तर तो घरी जातो, आणि घर कधी या देशात असतं, कधी त्या. व्हिक्टोरिया, टांगानिका, आल्बर्ट, चाड या सरोवरांकाठी थोड्याफार फरकाने हेच घडतं.

मयतीला जाणं हे दुसरं मोठं कारण. जानेवारी २०२३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या दोन बहिणी मलावीत एका अंत्यविधीला जाऊन बसने परतल्या आणि आजारी पडल्या. देशातले त्या लाटेतले पहिले नोंदलेले रुग्ण त्याच. यात बेपर्वाईचं काही नाही. साथीच्या काळात माणसं मरतात आणि माणसं मेली की नातेवाईक जमतात. आपल्याकडे काय वेगळं आहे?

समुद्रही आहेच. जानेवारी २०२४ च्या शेवटच्या दिवशी टांझानियाहून कोमोरोसला आलेल्या बोटीवर एक जण कॉलऱ्यासारख्या आजाराने दगावला होता. पुढच्या काही महिन्यांत त्या चिमुकल्या द्वीपसमूहात दहा हजारांहून अधिक रुग्ण झाले. तिथून तो शेजारच्या मायोतला गेला. मायोत म्हणजे फ्रान्सचाच भाग, युरोपातल्या एका श्रीमंत देशाचा. फरक एवढाच की तिथल्याही झोपड्यांत नळ नव्हते.

त्यात मालट्रकवाल्यांची भर पडते. कासुम्बालेसा, चिरुंडू, बाइटब्रिज अशा नाक्यांवर ट्रक दिवसच्या दिवस रांगेत उभे असतात. रांगेच्या कडेला खाणावळी उभ्या राहतात, पण त्या मानाने नळ आणि संडास नसतात. साथ अडवायला म्हणून जो नाका कडक करतात, तोच कधी कधी तिला पोसतो.

७. मग सरळ सीमा बंद का करत नाहीत? निदान विमानतळासारखी तपासणी?

ताप मोजण्याचं यंत्र इथे निरुपयोगी आहे, कारण कॉलऱ्यात सहसा ताप येतच नाही. लक्षणं नसलेला माणूस दिसायला निरोगीच असतो (प्रश्न ३). विष्ठा तपासायची तर रांगेतल्या प्रत्येकाची तपासावी लागेल. आणि नाका बंद केला की लोक थांबत नाहीत, आडवाटेने जातात. मग आजारी पडलेला माणूस आपण कुठून आलो ते डॉक्टरला सांगत नाही.

२००८–०९ मध्ये झिंबाब्वेत ९८ हजारांहून अधिक रुग्ण आणि चार हजारांवर मृत्यू झाले. राज्यव्यवस्था मोडकळीला आलेली, हरारेच्या नळांना पाणी नाही, दवाखाने ओस. लोक लिम्पोपो नदी ओलांडून दक्षिण आफ्रिकेतल्या मुसिना गावात आले, काही उपचारासाठीच आले. तिथे उपचाराची सोय झाली, आणि दक्षिण आफ्रिकेतलं मृत्यूचं प्रमाण झिंबाब्वेपेक्षा कितीतरी कमी राहिलं. सीमा खरोखर बंद झाली असती तर आकडे कुठे वाढले असते, हे सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार देशांनी साथीची खबर द्यायची, आणि जागतिक आरोग्य संघटना कॉलऱ्यासाठी प्रवास वा व्यापार रोखण्याची शिफारस करत नाही. गंमत अशी की हे नियम जन्मले तेच कॉलऱ्याच्या भीतीतून. १८५१ मध्ये पॅरिसला युरोपातले देश पहिल्यांदा एकत्र बसले ते बंदरांतल्या विलगीकरणावर भांडायलाच. विलगीकरणाने कॉलरा अडत नाही, हे कळायला पुढची शंभर वर्षं गेली.

नाक्यावर करण्यासारखं काम आहे, पण ते वेगळं: संडास, क्लोरीनचं पाणी, ओआरएस देणारी एक टपरी, आणि दोन्हीकडच्या जिल्हा डॉक्टरांकडे एकमेकांचे फोन नंबर. शेवटची गोष्ट फुकट आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची.

८. देश साथ लपवतात असं ऐकतो. खरं आहे का? का लपवतील?

माझ्या मते सीमापार फैलावाचा गाभा इथेच आहे. जंतू बसने जातो, आणि खबर पायी येते.

२०१६–१७ च्या सुमाराला सुदान आणि इथिओपियात सरकारी कागदांवर 'कॉलरा' हा शब्द येतच नव्हता. 'तीव्र पातळ जुलाब' असं लिहिलं जायचं, मदत संस्थाही मुकाट्याने तेच लिहायच्या. हा शब्द खोटा नाही. पण कॉलरा लिहिलं की शेजारचा जिल्हा जागा होतो, लस मागता येते. जुलाब लिहिलं की कुणी उठत नाही. आपल्या 'गॅस्ट्रो'कडे बोट दाखवायला इथे जागा आहे.

लपवण्यामागे निव्वळ अहंकार असतो असं समजू नका. डिसेंबर १९९७ मध्ये पूर्व आफ्रिकेत कॉलरा पसरला तेव्हा युरोपीय संघाने केनिया, युगांडा, टांझानिया आणि मोझांबिक इथल्या ताज्या माशांवर बंदी घातली. व्हिक्टोरिया सरोवरातल्या माशाने युरोपात कुणाला कॉलरा झाल्याचा पुरावा नव्हता, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते स्पष्ट म्हटलंही. बंदी काही महिन्यांनी उठली. तोवर काठावरचे कारखाने आणि कोळी यांचं जे व्हायचं ते झालं. खरं सांगणाऱ्याला आपण दंड केला तर पुढच्या वेळी तो काय करेल? पर्यटनाचा हंगाम, निवडणूक, मोठी परिषद यांच्या आधी ही भीती दुपटीने वाढते.

अलीकडे चित्र थोडं पालटतंय. झांबियाचे अध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी आपल्याच देशातली साथ उघडपणे मांडली आणि आफ्रिकी संघात कॉलऱ्याविरुद्धच्या मोहिमेचं नेतृत्व घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संपूर्ण खंडासाठीची योजना लुसाकातच जाहीर झाली.

९. पूर आणि वादळांमुळे कॉलरा वाढतो म्हणतात, मग दुष्काळातही का वाढतो?

पुरात संडास आणि विहीर एक होतात. लुसाकाच्या कान्यामासारख्या वस्त्यांखाली चुनखडीजातीचा भेगाळ खडक आहे, आणि पाणी हाताला लागेल इतकं वर आहे. खड्ड्याचा संडास आणि उथळ विहीर यांमध्ये काही पावलांचं अंतर असतं, आणि खाली खडकातून दोन्ही जोडलेली असतात. पाऊस आला की काय होणार ते कळतंच. मलावीत २०२२ च्या सुरुवातीला आना आणि गोम्बे ही वादळं आली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये, साथ भरात असताना, फ्रेडी आलं.

दुष्काळात पाणी कमी होतं, माणसं तेवढीच राहतात. दहा गावांची गुरं-माणसं एका डबक्यावर येतात, हात धुणं ही चैन ठरते. २०२२–२३ मध्ये केनिया, इथिओपिया, सोमालिया या तीन देशांच्या सीमाभागात दुष्काळ आणि कॉलरा हातात हात घालून फिरले. ज्याने मराठवाड्यात टँकरसमोर हंड्यांची रांग पाहिली असेल, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

१०. सुदानमधली साथ इतकी का भडकली?

युद्धामुळे, आणि ते शब्दशः. एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई चालू झाली. १२ ऑगस्ट २०२४ रोजी सुदानने साथ जाहीर केली. २०२५ च्या फेब्रुवारीत व्हाइट नाईल प्रांतातल्या वीजकेंद्रावर हल्ला झाला, पंप बंद पडले, कोस्ती शहरातले लोक थेट नदीचं पाणी पिऊ लागले आणि काही दिवसांत दवाखाने भरले. मे महिन्यात खार्टूम परिसरात तीच कथा झाली: ड्रोन हल्ला, वीज गेली, जलशुद्धीकरण थांबलं. ऑगस्ट २०२५ पर्यंत संशयित रुग्ण एक लाखाच्या पुढे गेले. वीजतार तुटली की आठवडाभरात कॉलरा, इतका सरळ संबंध क्वचित दिसतो.

शेजाऱ्यांचं काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण सुदानने साथ जाहीर केली ती रेंकमधून. सुदानमधून जीव वाचवून येणारे लोक पहिल्यांदा टेकतात तेच हे गाव. जुलै २०२५ मध्ये चाडमधल्या दुगी निर्वासित छावणीत रुग्ण सापडू लागले.

मात्र इथे एक चूक नेहमी होते: 'निर्वासितांनी कॉलरा आणला'. १९९४ चं गोमा आठवा. रवांडातून काही दिवसांत आठ लाखांवर माणसं काँगोच्या त्या गावात आली. जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, आपल्या कातळासारखी कठीण. संडासाचा खड्डा खणता येईना, मेलेल्यांना पुरता येईना. पाणी म्हणजे किवू सरोवर. पहिल्या महिन्यात कॉलरा आणि आमांश यांनी पन्नास हजारांच्या आसपास बळी गेले. त्या सरोवराकाठी कॉलरा आधीपासून होता. माणसं त्याच्या तावडीत सापडली.

११. लस आहे ना? मग सगळ्यांना का देत नाहीत?

आहे, तोंडावाटे घ्यायची, स्वस्त आणि चांगली. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घेतले तर साधारण तीन वर्षं संरक्षण. एका डोसने थोडक्या काळापुरतं. अडचण पुरवठ्याची आहे. साथींसाठीचा जागतिक साठा २०१३ पासून आहे, पण २०२१ ते २०२३ या काळात त्याआधीच्या संपूर्ण दशकापेक्षा जास्त डोस मागितले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाइलाजाने दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं आणि साथ येण्याआधी द्यायच्या मोहिमा थांबल्या. त्यातच हैदराबादला 'शानकॉल' ही लस बनवणाऱ्या कंपनीने २०२३ अखेर उत्पादन बंद केलं. काही काळ अख्ख्या जगाचा भार दक्षिण कोरियातल्या एकाच उत्पादकावर होता. ऑगस्ट २०२४ मध्ये भारत बायोटेकने 'हिलकॉल' ही लस आणली.

श्रीमंत देशांत कॉलरा नाही, म्हणून या लशीला गिऱ्हाईक नाही. टंचाईचं मूळ कारण एवढंच आहे. आणि लस वेळ मिळवून देते, नळ देत नाही.

१२. आमचा मुलगा लुसाकाला नोकरीला आहे. त्याला परत बोलवावं का?

नको. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, बंद बाटलीतलं किंवा उकळलेलं पाणी पिणाऱ्या माणसाला धोका फारच कमी. कॉलरा लुसाकात असतो म्हणजे लुसाकाच्या विशिष्ट वस्त्यांत असतो. त्याला एवढं सांगा: बर्फ नको, रस्त्यावरची कच्ची कोशिंबीर नको, अन्न गरम असतानाच खावं, फळ स्वतः सोलावं. घरात ओआरएसची दहा पाकिटं ठेवावीत. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). आणि घरात कामाला येणाऱ्या बाईंनाही त्यातली पाकिटं द्यावीत. त्या कुठल्या वस्तीत राहतात याची चौकशी त्याने एकदा करावी. धोका तिकडे आहे.

मदतकार्यासाठी छावणीत जाणारे किंवा शांतिसेनेत असणारे यांची गोष्ट वेगळी. त्यांनी लस घेऊन जावं.

१३. प्रवासाला कॉलऱ्याच्या लशीचा दाखला लागतो का? एजंट म्हणतो लागतो.

आंतरराष्ट्रीय नियमांतून ही अट १९७३ मध्येच काढून टाकली. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी लागतो तो पीतज्वराच्या लशीचा दाखला, आणि परत येताना भारतही तो मागतो. एजंट बहुधा दोन्हींत घोळ करतोय.

१४. आफ्रिकेहून आल्यावर जुलाब लागले तर? भारतात साथ येईल का?

पाच दिवसांच्या आत पाण्यासारखे जुलाब लागले तर ओआरएस सुरू करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कुठून आलात ते न विचारता सांगा. लाज किंवा भीती इथे महाग पडते. साथीचं म्हणाल तर जंतू इथे आधीच आहे (प्रश्न १ आणि २). एका प्रवाशाने साथ येत नाही. फुटलेली पाइपलाइन गटारातून जात असेल तर येते, मग प्रवासी असो वा नसो.

१५. तूरडाळ मोझांबिकची, काजू टांझानियाचा. कॉलरा असलेल्या देशातला माल खाऊन लागण होईल का?

नाही. कोरडेपणात हा जंतू तग धरत नाही. वाळलेली तूर आठवडेच्या आठवडे जहाजात राहते, नंतर भरडली जाते, मग कुकरच्या शिट्ट्या होतात. कच्चा काजू तर आपल्या सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या कारखान्यात भाजून, वाफवून, फोडून पुढे येतो. अपवाद कच्च्या किंवा अर्धकच्च्या शिंपल्यांचा, आणि तो जगातल्या कुठल्याही खाडीला लागू आहे. मालावर बंदीचं काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आलं आहे.

१६. लोक आरोग्य सेवकांवर हल्ले करतात, दवाखान्यातून पळतात. इतकं अज्ञान?

अज्ञान म्हणण्याआधी एक घटना. ७ एप्रिल २०२४ रोजी मोझांबिकच्या किनाऱ्यावर लुंगाहून मोझांबिक बेटाकडे निघालेली मासेमारीची होडी उलटली. शंभराच्या आसपास माणसं बुडाली, त्यांत मुलं खूप. गावात कॉलरा आल्याच्या अफवेने ती पळत सुटली होती. कॉलऱ्याने मेली असती त्याहून कितीतरी जास्त माणसं अशी गेली. त्या भागात 'पाण्यात क्लोरीन टाकणारेच रोग आणतात' ही समजूतही जुनी आहे. सरकारचा माणूस वस्तीत फक्त साथीतच दिसत असेल, तर लोक दोन्हींची सांगड घालणारच. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीला लोक घाबरून घरं सोडत होते. त्यांनाही आपण अडाणी म्हणणार का?

१७. एकच रुग्ण सापडला तरी 'साथ' जाहीर करतात. नामिबियाने २०२५ मध्ये केलं त्यात घाई नव्हती का?

बाहेरून लागण घेऊन आलेला रुग्ण आणि इथेच लागण झालेला रुग्ण यांत फरक करतात. पहिला म्हणजे आयात. दुसरा प्रयोगशाळेत सिद्ध झालेला एक जरी असला तरी साथ, कारण मग इथल्या पाण्यात किंवा हातांत जंतू फिरतोय. अंगोलाला लागून असलेल्या कुनेने भागात नामिबियाला जवळपास दहा वर्षांनी कॉलरा दिसला, आणि तो जाहीर झाला. माझ्या मते हे शहाणपणच.

उलट उदाहरण प्रिटोरियाच्या उत्तरेच्या हमान्सक्रालचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नोंदलेल्या त्या दोन बहिणी (प्रश्न ६) सगळ्यांना ठाऊक होत्या. मे महिन्यात हमान्सक्रालमध्ये माणसं मरू लागली तेव्हा चर्चा 'कुठल्या देशातून आला' यावर जास्त झाली. तिथल्या नळाचं पाणी पिण्यालायक नसल्याची तक्रार मात्र कित्येक वर्षांची होती, कारण वरच्या अंगाचं रुईवालचं सांडपाणी केंद्र नीट चालतच नव्हतं. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत एकूण ४७ जण गेले. जंतूचं पारपत्र तपासण्यात वेळ गेला की असं होतं.

१८. कॉलऱ्याने गेलेल्याचा देह गावी, सीमेपलीकडे, नेऊ द्यावा का? अंत्यविधीला जावं का?

या प्रश्नाला सरसकट 'नाही' म्हणणारे अधिकारी बहुतेक वेळा हरतात; लोक रात्री गुपचूप देह नेतात. शक्यतो जिथे मृत्यू झाला तिथेच, लवकर, अंत्यसंस्कार व्हावेत. देह न्यायचाच असेल तर शिकलेल्या माणसांनी तीव्र क्लोरीनच्या पाण्याने पुसून, गळती न होणाऱ्या पिशवीत बांधून न्यावा, आणि घरी पुन्हा आंघोळ घालू नये. चेहरा पाहणं, प्रार्थना, रडणं, यात धोका नाही.

धोका त्यानंतरच्या पंगतीत आहे. ज्या बायांनी देह धुतला त्याच स्वयंपाक करतात, शेकडो माणसं एका पातेल्यातून हाताने खातात, आणि दुसऱ्या दिवशी चार दिशांना बसने निघून जातात. म्हणून काही जिल्ह्यांतले आरोग्य सेवक आता बंदी घालायला जात नाहीत. ते पाण्याचा नळ लावलेली बादली आणि साबण घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभे राहतात, आणि देह धुणाऱ्या बायांना त्या दिवशी चुलीपासून लांब बसवतात.